गहाळ फर्मा

कोल्हापुरात कुणालाही ‘तुमचं सर्वांत आवडतं पुस्तक कुठलं?’ असं विचारलं की पहिलं उत्तर ‘मृत्युंजय’ येतं. आठवून, विचार करून येत नाही, ‘जेवलास का?’ला ‘जेवलो’ यावं तसं येतं. रिक्षावाले सांगतात, तालमीतली पोरं सांगतात, ज्यांच्या घरात पंचांगाशिवाय छापील कागद नाही असेही सांगतात. मला याचा अजूनही थोडा वैताग येतो. पण वैताग बाजूला ठेवून पाहिलं तर त्या उत्तराला कारणं आहेत, आणि ती सगळी साहित्यातली नाहीत.

शिवाजी सावंत आजऱ्याचे. कोल्हापुरात शाळामास्तर होते आणि नोकरी सांभाळून लिहिलेली ही जाडजूड कादंबरी १९६७ मध्ये आली, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. म्हणजे हे पुस्तक मुंबई-पुण्याकडून आलेलं नाही. ते आपल्या एका मास्तरांनी लिहिलंय. पुढची गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. सहा वर्षांनी, १९७३ मध्ये, ‘राधेय’ आली. रणजित देसाई कोवाडचे. आजरा हिरण्यकेशीच्या काठी, कोवाड ताम्रपर्णीच्या. एकाच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचे दोन लेखक, आणि दोघांनाही अख्ख्या महाभारतातून उचलावासा वाटला तो कर्णच. अर्जुनावर कुणाचा जीव बसला नाही.

माझं यावरचं मत असं, की या भागात मैत्री निभावणाऱ्या माणसाला बाकी सगळं माफ असतं. आपल्या माणसासाठी चुकीच्या बाजूनं उभा राहिला म्हणून इथं कुणी बदनाम होत नाही. उलट त्याच्या नावानं मंडळ निघतं. कर्ण कोल्हापूरकरांना परका वाटायचं काही कारणच नव्हतं.

मला स्वतःला आता ‘मृत्युंजय’ची भाषा पेलत नाही. सूर्य, तेज, कवचकुंडलं, एकावर एक चढत जाणारी विशेषणं. खांडेकरांचंही तसंच. ते १९३८ मध्ये कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. ‘ययाति’ १९५९ची. १९७४ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, मराठीतलं पहिलं. कॉलेजात असताना मी त्यांची वाक्यं वहीत उतरवून घेत असे. ती वही अजून आहे, पण आज उघडली की चार ओळींतच जड होते. याचा दोष मी खांडेकरांना देत नाही आणि त्या वयालाही नाही. त्या वयात ती वाक्यं लागत होती.

आमचा एक वाचनकट्टा आहे. त्याला नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्यातून एकदा मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या गच्चीवर जमायचं, पाऊस असला तर खाली सोप्यात. चहा घरच्यांकडून, खाणं ज्याच्या त्याच्या इच्छेवर. गेल्या खेपेला विषय होता जन्मभराचं आवडतं पुस्तक. अट एकच, पुस्तक हातात घेऊन यायचं. नुसतं नाव सांगणं सोपं असतं. पुस्तक आणायचं म्हटलं की निम्मी उत्तरं आपोआप बदलतात, कारण बऱ्याच जणांच्या घरात त्यांचं आवडतं पुस्तक नसतंच. कुणीतरी नेलेलं असतं.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर मामा येतात. त्यांनी ‘झोंबी’ आणली होती. आनंद यादव कागलचे, मामाही कागलकडचेच. शाळेतून काढून शेतात जुंपणारा बाप आणि काहीही करून शिकायचंच म्हणणारा पोरगा, हे मामांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पुस्तकाबद्दल बोलायला उठले आणि दहा मिनिटं स्वतःच्या बापाबद्दल बोलत राहिले. मोटेवरची पहाट, सातवीचं वर्ष, मास्तरांनी घरी येऊन घातलेली गळ. पुस्तक तोवर मांडीवर तसंच. शेवटी कुणीतरी म्हणालं, “मामा, पुस्तकातलं सांगा की.” मामा म्हणाले, “त्येच सांगालोय न्हवं मगापासनं?”

मला हे उत्तर फार आवडलं. आवडतं पुस्तक सांगताना माणूस पुस्तकावर क्वचितच बोलतो. तो सांगतो की मी नववीत होतो, कावीळ झाली होती, माडीवर एकटा झोपलो होतो; किंवा लग्न होऊन नवीनच आलो होतो आणि घरात वाचलेलं चालत नव्हतं. कथानक विचारलं तर अडखळतो. कव्हर मात्र आठवतं, कुठल्या खिडकीशी बसून वाचलं तेही आठवतं.

हुपरीचे एक चांदीकारागीर आहेत, आता मुलाकडे राजारामपुरीत राहतात. ते रिकाम्या हातानं आले. म्हणाले, पुस्तक कधी माझं नव्हतंच. ते लहानपणी ज्या पेढीवर काम शिकायला बसत, तिथं पैंजण जोडणाऱ्यांची एक रांग असे आणि त्यातला एक जण काम न करता मोठ्यानं वाचत असे. त्याच्या वाटचं काम बाकीचे करायचे. वाचायचा काय, तर बाबूराव अर्नाळकर. झुंजार, धनंजय, काळापहाड. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे माल संपायची भीती नव्हती. वाचणारा इरसाल होता. खुनी सापडणार अशा वेळी पुस्तक मिटायचा आणि पाणी प्यायला उठायचा. या गृहस्थांनी पुढं स्वतः वाचायला घेतलं तेव्हा त्यांना झुंजार आवडला नाही. “तो आवाजच न्हवता त्यात,” म्हणाले.

आता याला आवडतं पुस्तक म्हणायचं का? आमच्यातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी हरकत घेतली, की ही आठवण झाली, वाचन नव्हे. बराच वाद झाला. मी कारागिरांच्या बाजूनं होते. सर हुशार आहेत, पण त्यांनी स्वतः आणलेलं पुस्तक एक नामांकित इंग्रजी कादंबरी होती, आणि तिच्या कण्याला एक सुरकुती नव्हती.

मग एक आजी बोलल्या. शिवाजी पेठेतल्या, ऐंशीच्या पुढच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी पिशवीतून ‘स्वामी’ काढली. वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर खळीचे डाग. “फाटकं हाय, चालतंय न्हवं?” म्हणाल्या. त्यांच्या मालकांनी ही प्रत रद्दीवाल्याकडून वजनावर आणली होती. आणि त्या प्रतीत एक फर्मा नव्हता.

छपाईतली ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. पुस्तकाचं एकेक पान सुटं छापत नाहीत. मोठ्या कागदावर दोन्ही बाजू मिळून सोळा पानं छापतात, घड्या घालतात, तो एक फर्मा. असे फर्मे ओळीनं रचून शिवतात. बाइंडरकडे रचताना एखादा राहून गेला तर पुस्तकातली सलग सोळा पानं जातात, आणि बाहेरून काही कळत नाही. दुकानदार अशी प्रत बदलून देतो. रद्दीवाला कशाला देतोय?

‘स्वामी’ माधवराव पेशव्यांची. माधवराव आणि त्यांचे चुलते राघोबादादा यांचं बिनसत जातं, ते पार १७६८च्या धोडपच्या लढाईपर्यंत, आणि त्यानंतर दादा शनिवारवाड्यात नजरकैदेत. आजींच्या प्रतीत मधला तुकडाच नव्हता. एका पानावर काका-पुतण्यात धुसफूस, पान उलटलं की काका कोंडलेले. “मी म्हणलो, ह्ये कसं झालं?” आजी सांगत होत्या. “मग मीच धरून चाललो की पोराला आईनं भर दिली असणार. गोपिकाबाईनं. आईनं सांगितल्याबिगर पोरगं चुलत्याला हात लावंल व्हय?”

पुढं कितीतरी वर्षं आजी ते पुस्तक असंच वाचत राहिल्या. धान्य निवडून झालं की, दुपारी सगळे झोपले की. दर वेळी त्या जागी आल्या की थांबून, मनातली सोळा पानं वाचायच्या आणि पुढं जायच्या. त्यात एक रात्र होती, आई आणि मुलगा दिव्याजवळ बसलेत, रमाबाई दाराआड उभी आहे. रमाबाईनं ते ऐकलंय पण ती बोलणार नाही. हे सांगताना आजींचा आवाज असा झाला होता, की कुठल्याही कादंबरीकारानं तो प्रसंग मागून घ्यावा.

मग नातसून आली, शिकलेली. तिनं कौतुकानं नवी कोरी प्रत आणून दिली. आजींनी सगळ्यात आधी ती सोळा पानं काढून वाचली. आम्ही विचारलं, “मग? काय होतं त्यात?”

“लढाई,” आजी म्हणाल्या. “चांगली हाय. पण माझं बरं होतं.”

नातसुनेनंही ती नवी प्रत वाचली. तिचं मत ‘ठीक आहे’. सासरी आल्यावर आजेसासूनं सांगितलेलं पुस्तक म्हणून शेवटपर्यंत वाचली, एवढंच. आजींना त्याचं वाईट वाटलं नाही. मला मात्र त्यातून एक गोष्ट पटली. आवडतं पुस्तक दुसऱ्याच्या हातात दिलं तरी आपण जे वाचलं ते त्याच्याकडे जात नाही. आपल्या प्रतीत कुठला फर्मा नव्हता आणि तिथं आपण काय भरलं, हे त्याच्या प्रतीत नसतं. म्हणून ‘हे वाचच, आयुष्य बदलेल’ असं म्हणून हातात कोंबलेली पुस्तकं बहुधा पन्नासाव्या पानावर बसचं तिकीट घालून पडून असतात. माझ्याकडेही आहेत. देणाऱ्यांची नावं सांगत नाही, सगळे वाचतील हे.

याच्या उलटही एक माणूस आमच्यात आहे. बँकेच्या संघटनेत आयुष्य गेलेले एक काका. त्यांच्या स्कूटरच्या डिकीत कायम ‘शिवाजी कोण होता?’च्या दोन-चार प्रती असतात. गोविंद पानसरेंची १९८८ची पुस्तिका, एका बैठकीत वाचून होणारी. काकांना स्वतः पुन्हा वाचण्यात रस नाही. त्यांना वाटण्यात आहे. पेट्रोल पंपावर, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, याच शहरात, सकाळी फिरून घरी येताना. काका म्हणाले, त्यानंतर प्रती द्याव्या लागल्या नाहीत, लोक मागून न्यायला लागले. त्यांची स्वतःची पहिली प्रत कुठं गेली त्यांना माहीत नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही. आवडत्या पुस्तकावर मालकी सांगणाऱ्या आम्हा बाकीच्यांना ते जरा अवघडच गेलं.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत राहणारी माझी एक मैत्रीण त्या दिवशी ‘ययाति’ घेऊन आली होती. छान बोलली. देवयानी, शर्मिष्ठा, कोण कसं आपापली बाजू सांगतं, वगैरे. मी मान डोलावत होते, पण मला तिचं कपाट ठाऊक होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा तिच्या घरात शिरली. खालची पुस्तकं पाण्यात गेली. पूर ओसरल्यावर मी मदतीला गेले होते. साध्या कागदाची पुस्तकं पंख्याखाली, पानापानांत वर्तमानपत्र घालून थोडीफार वाचतात. गुळगुळीत, चकचकीत कागदाची मात्र पानं एकमेकांना चिकटतात आणि अख्खा गठ्ठा दगड होतो, तो सुटतच नाही. चित्रांचं एक महागडं पुस्तक आम्ही असंच टाकून दिलं. चिखलाचा वास भिंतीतून गेला तरी कागदातून जात नाही.

त्यानंतर तिनं कपाट पुन्हा लावलं, आणि २०२१च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा ती मांडणी कामाला आली. पूर येणाऱ्या घरात वरचा खण कुणाला मिळतो यावरून बरंच कळतं. तिच्या वरच्या खणात घराची कागदपत्रं, मुलांचे दाखले, लग्नाचा अल्बम आणि एकच पुस्तक आहे. ‘रुचिरा’. कमलाबाई ओगल्यांची, तिच्या आईची प्रत. सगळी मापं वाटी-चमच्यात, म्हणून नवख्या मुलीला त्या काळी हे पुस्तक देत. त्या प्रतीत आईनं शाईनं केलेल्या दुरुस्त्या आहेत. पानोपानी ‘तिखट दुप्पट’. एका भाजीवर ‘साखर? कशाला?’. श्रीखंडाच्या पानावर कुठल्याशा पाडव्याला किती माणसं जेवली त्याचा हिशेब. ‘ययाति’ खालून दुसऱ्या खणात होती. पाणी आणखी चढलं असतं तर गेली असती.

मी गच्चीवर हे बोलले नाही. जिना उतरताना तिला म्हटलं, “रुचिरा का नाही आणलीस?” तर म्हणाली, “ते काय पुस्तक आहे का गं!”

आहे की! पण ‘आवडतं पुस्तक’ म्हटल्यावर आपण आपोआप पदर सावरून बसतो. पाहुण्यांसमोर काढायच्या कपबशा वेगळ्या. सार्वजनिक वाचनालयांत मला यामुळेच करमतं, कारण तिथली पुस्तकं खोटं बोलत नाहीत. या बाबतीत आमचं गाव मातब्बर. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं. संस्थानाच्या काळात, १९४५ मध्ये, कोल्हापूरनं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हा देशात स्वातंत्र्यही यायचं होतं. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. कुठल्याही जुन्या वाचनालयात रॅकसमोर उभं राहून नुसत्या पुठ्ठ्यांकडे पाहा. मानाची, पारितोषिकांची कितीतरी पुस्तकं सरळ उभी, कोरी. आणि दोनदा-तीनदा बाइंडिंग झालेली, कापून कापून समास उरलेला नाही, कोपरे गोल झालेत, ती पुस्तकं कुठली, हे पाहताना गावाची खरी आवड दिसते. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, ऐतिहासिक कादंबऱ्या, माहेरी-सासरी रडवणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या. समासात पेन्सिलीनं ‘वा!’, त्याच्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘काय वा?’, आणि त्याखाली तिसऱ्या कुणाचं ‘पुस्तक खराब करू नये’. ते तिसरंही पेन्सिलीनंच.

माझी पाळी आली तेव्हा मी ‘स्मृतिचित्रे’ उघडली. लक्ष्मीबाई टिळकांची. पहिला भाग १९३४चा. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा लिखाण पुरं झालं नव्हतं, पुढचं मुलानं जोडलं. म्हणजे हेही शेवटाकडे अपुरंच, आणि मला ते तसंच बरं वाटतं. नवरा कवी, लहरी, संतापी. न सांगता निघून जाणारा. १८९५ मध्ये नवऱ्यानं ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा घर दुभंगलं. एवढं सोसलेल्या बाईनं रडगाणं लिहिलं असतं तरी कुणी बोट ठेवलं नसतं. पण त्या सांगतात कशा, तर सोवळ्याओवळ्याचे घोळ, सासऱ्यांचे तऱ्हेवाईक नियम, नवऱ्याशी झालेली भांडणं, सगळं असं की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं आपण कशाला हसलो. त्या पुस्तकात एकही वाक्य स्वतःचं कौतुक करून घेण्यासाठी नाही. मी तशी चार पानं लिहून पाहावीत म्हणते आणि दुसऱ्याच परिच्छेदात शहाणपणा करायला लागते.

आवडीची माझी कसोटी फार साधी आहे. पुस्तक कुठूनही उघडता आलं पाहिजे. पहिल्या पानापासून सुरू करावं लागतं ते चांगलं असेल, थोर असेल, पण गॅसवर दूध ठेवून वाचता येत नाही. प्राध्यापक सर म्हणाले, या कसोटीत अर्धं विश्वसाहित्य नापास होईल. होऊ दे. ते परीक्षेला बसलेलं नाही.

सगळ्यांत शेवटी कॉलेजातली एक मुलगी बोलली. ती राधानगरीकडची, इथं खोली घेऊन राहते. तिनं ‘रिंगाण’ आणली होती, कृष्णात खोत यांची, २०२३चं साहित्य अकादमी मिळालेली. धरणात गाव गेलेल्या माणसांची कादंबरी, आणि मागं राहून रानटी झालेल्या म्हशीची. तिनं आधीच सांगून टाकलं, “माझं अजून निम्मंच वाचून झालंय.”

“मग आवडतं कसं म्हणतेस?” सरांनी विचारलंच.

तर ती सुट्टीला घरी गेली की आजोबांना वाचून दाखवते. आजोबांची स्वतःची जमीन धरणात गेलेली, अक्षरओळख सहीपुरती. रोज जेवणानंतर तीन-चार पानं, त्याहून पुढं जात नाहीत, कारण आजोबा मध्येच थांबवतात आणि स्वतःचं सुरू करतात. कुठल्या वाटेनं गाड्या भरून निघाल्या, कुणाची म्हातारी गाडीत बसेना. तिला पुढं काय होतं ते वाचायची घाई आहे, पण त्यांच्याशिवाय पानं उलटायची नाहीत असं तिनंच ठरवलंय. गेल्या खेपेला गाडी अडली ती वेगळ्याच गोष्टीवर. आजोबा म्हणाले, “म्हस कसली हाय ती? पंढरपुरी का गावठी? शिंगं कशी हायत ते सांग पयलं.” ही मागची पानं चाळायला लागली. आजोबा म्हणाले, ते कळल्याबिगर फुडं वाचू नगंस.

गच्चीवर हे ऐकून गंगावेशीतले आमचे दूधवाले पैलवान, जे एरवी चहा पिऊन गप्प बसतात, एकदम सरसावून बसले. रानात टिकली म्हणजे पंढरपुरीच असणार, तिची शिंगं पाठीमागं खांद्याच्या पल्याड जातात, कुत्रं जवळ येत नाही. कंडक्टर मामा म्हणाले, छ्या, डोंगरात गावठीच तगती. आजींनी त्यांच्या माहेरच्या म्हशीचा दाखला काढला. सर पुस्तक मागून घेऊन चष्मा लावून शिंगं शोधायला लागले, आणि खालून तिसऱ्यांदा चहाची हाक आली तरी कुणी उठलं नाही.